चाकांवरचे बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला ‘ऑस्ट्रेलियाच्या प्रवासावर चार शब्द बोला’ असे सांगितले, तेव्हा चार शब्द म्हणजे किती वेळ, असे मी विचारून घेतले. त्या म्हणाल्या, “चहाला आधण येईपर्यंत बोला.” आज चहा सगळ्या आळीचा आहे. तेव्हा आधण यायला वेळ लागेल, या भरवशावर मी उभी आहे.

आधीच सांगून टाकते, की मी देश पाहण्याच्या हौसेने गेले नव्हते. माझी थोरली लेक ॲडलेड शहरात परिचारिका आहे. मूत्रपिंडाच्या रोग्यांचे रक्त यंत्राने शुद्ध करतात, ते डायलिसिसचे काम ती करते. २०२३ च्या मे महिन्यात तिचा फोन आला. “आई, ॲलिस स्प्रिंग्जला नोकरी मिळते आहे. घ्यावी की नाही, काही ठरत नाही. जुलैत तुझ्या नातीला दोन आठवडे सुट्टी असते. तू ये. आपण सगळीच गाडीने जाऊन गाव पाहून येऊ.” जावयांच्या मनातून जायचे नव्हते. वाळवंटात राहायचे कसे, मुलीच्या शाळेचे काय, अडीअडचणीला माणूस कोण, असे त्यांचे प्रश्न होते, आणि ते मलाही पटत होते. म्हणजे आम्ही चौघे निघालो ते एका घरातल्या दोन पक्षांसारखे. फक्त आठ वर्षांची नात कोणत्याच पक्षात नव्हती. तिला कांगारू पाहायचे होते.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. ॲडलेड दक्षिणेच्या समुद्रकाठी, डार्विन उत्तरेच्या समुद्रकाठी, आणि ॲलिस स्प्रिंग्ज या दोहोंच्या मधोमध, दोन्हीकडून सुमारे दीड-दीड हजार किलोमीटरवर. गावाची वस्ती पंचवीस-सव्वीस हजार, म्हणजे जवळजवळ आपल्या गडहिंग्लजएवढीच. आता अशी कल्पना करा, की आपले गाव सोडले की पुढचे पहिले मोठे शहर एकदम आग्रा! मध्ये कोल्हापूर नाही, पुणे नाही, नाशिक नाही, इंदूर नाही. नुसती तांबडी माती, खुरटी झुडपे आणि एक सरळ डांबरी रस्ता. ज्या प्रांतात हे गाव आहे तो नॉर्दर्न टेरिटरी प्रांत आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, आणि माणसे सगळी मिळून अडीच लाख. कोल्हापूर शहरातल्या माणसांच्या निम्मी!

या वाटेवर रोज संध्याकाळी मुक्कामाला खाणावळ किंवा धर्मशाळा मिळेलच असे नाही. म्हणून तिकडे लोक कॅम्परव्हॅन नावाची गाडी घेतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसे हे चाकांवर. आमची गाडी भाड्याची होती. पुढे दोघांना बसायची जागा, मागे एक छोटीशी खोली. खोलीत दोन शेगड्यांचा गॅस, हातभर ओटा, भांडी घासायची मोरी, छोटा फ्रीज, आणि दिवसा टेबल व रात्री पलंग होणारी फळी. नातीचा बिछाना छताखालच्या माळ्यावर. पाण्याची टाकी गाडीच्या पोटात. सगळे इतके बेताचे, की एकीने भाकरी थापायची तर बाकीच्यांनी खाली उतरायचे.

आपल्याकडे गाळपाचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून येतात. बैलगाडीत चूल, तवा, पत्र्याची पेटी, दोन कोंबड्या आणि पोर. आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून ती रांग पाहतो. मला पहिल्या दिवसापासून त्याच गाड्या आठवत होत्या. त्यांचे बिऱ्हाड पोटासाठी हलते आणि आमचे सुट्टीसाठी हलत होते, हा फरक मोठा आहे. पण निघायच्या आधी काय घ्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हा हिशेब त्या गाडीतल्या बाईला आणि मला सारखाच करावा लागला असेल.

गाडीचा पहिला नियम असा, की हलण्यापूर्वी प्रत्येक फडताळाला खिट्टी लावायची. आमच्या नातीने एकदा ती लावली नाही, आणि पोर्ट ऑगस्टाच्या वळणावर तूरडाळ गाडीभर झाली. पुढचे दोन दिवस कोणाच्या ना कोणाच्या अंथरुणात डाळ सापडत होती. दुसरा नियम पाण्याचा. टाकी भरेल तेवढेच पाणी, पुढे मिळेल तेव्हा मिळेल. माझे माहेर हलकर्णी भागातले, तेव्हा तांब्याभर पाण्यात चार ताटे कशी निघतात हे मला कोणी शिकवायला नको होते. आधी कागदाने पुसायची, मग धुवायची, आणि ते पाणी ओतायच्या आधी त्यातच चमचे बुडवायचे. जावई म्हणाले, “आई, तुम्ही आलात म्हणून टाकी एक दिवस जास्त चालली.” प्रवासात मला मिळालेले हे पहिले प्रशस्तिपत्रक.

तिसरा नियम, अंधार पडायच्या आत थांबायचे. वाटेवर दूरदूर कुंपण नसते. सांजवेळी कांगारू आणि मोकाट गुरे डांबरावर येतात. सकाळी रस्त्याच्या कडेला मरून पडलेले कांगारू आणि त्यांवर बसलेले प्रचंड गरुड पाहिले, म्हणजे तो नियम कोणी मोडीत नाही. नातीची कांगारू पाहण्याची हौस पहिल्याच दिवशी अशी पुरी झाली. ती बराच वेळ बोलली नाही.

वाटेवरच्या मालट्रकांना तिकडे रोड ट्रेन म्हणतात. नाव खोटे नाही. एका ट्रकमागे तीन तीन डबे, लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावल्या तर आपण घाटात जीव मुठीत धरून बसतो! तो समोरून गेला की आमची गाडी वाऱ्याने हाताएवढी सरके. पण ट्रकवाला असो की आमच्यासारखा प्रवासी, समोरून येणारा प्रत्येक जण चाकावरून एक बोट उचलून नमस्कार करतो. तास तास माणूस दिसत नाही, मग दिसलेल्या माणसाची किंमत कळते. आमचे एक चाक ग्लेन्डॅम्बोच्या पुढे बसले. ग्लेन्डॅम्बो म्हणजे गाव नव्हे, एक पेट्रोल पंप आणि त्याला चिकटलेली खाणावळ. तिथे पाटी आहे, तीवर मेंढ्यांची संख्या हजारांत, माशांची लाखांत आणि माणसांची तीस लिहिली आहे! तिथून कूबर पेडीपर्यंत अडीचशे किलोमीटर पेट्रोल मिळत नाही आणि फोन लागत नाही. चाक बदलायला पाऊण तास लागला. तेवढ्यात तीन गाड्या आल्या. तिन्ही थांबल्या. पाणी आहे का, जेवण आहे का, असे विचारून, आम्ही ‘आहे’ म्हटल्यावरच पुढे गेल्या. जावई काही बोलले नाहीत, पण ‘अडीअडचणीला माणूस कोण’ हा त्यांचा प्रश्न त्यानंतर एकदाही निघाला नाही.

आता तुम्हांला एका बाईंविषयी सांगायचे आहे. मुक्कामाच्या एका मोकळ्या जागी आमच्या शेजारी एक जुनी गाडी उभी होती. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. नवरा वारल्यावर घर विकले आणि गाडी घेतली. निवृत्त झालेली अशी शेकडो माणसे तिकडे वर्षाचे सहा महिने रस्त्यावर असतात. ‘पिकल्या केसांचे भटके’ अशा अर्थाचे त्यांना एक लाडके नावही आहे. मी पिठले-भाकरी केली होती, ती पानावर वाढून त्यांना नेऊन दिली. कांदालसणीची चटणी खाताना डोळ्यांतून पाणी आले, तरी बाईंनी ती पुन्हा मागितली. मग लेकीला दुभाषी करून आमच्या गप्पा रंगल्या.

त्या गुरांच्या मोठ्या रानात वाढलेल्या. रान किती मोठे, म्हणाल? याच भागातले ॲना क्रीक नावाचे रान जगात सर्वांत मोठे म्हणतात. ते सुमारे चोवीस हजार चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या तिप्पट. एका मालकाचे! अशा ठिकाणी शेजारचे घर शंभर किलोमीटरवर. मूल आजारी पडले तर काय करायचे? बाळंतपण अडले तर? जॉन फ्लिन नावाच्या पाद्र्याने १९२८ साली विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू केली ती यासाठीच. पण डॉक्टरला हाक कशी मारायची? वीज नाही, तार नाही. १९२९ साली आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या कारागिराने पायाने चालवायचे रेडिओयंत्र तयार केले. सायकलसारखे पायटे मारायचे, त्यातून वीज निघायची आणि हात संदेश पाठवायला मोकळे राहायचे. शिवणयंत्रावर ज्यांनी घर चालवले आहे, त्यांना यातली खुबी मी सांगायला नको.

पुढे प्रत्येक घरी औषधांची एक पेटी आली. प्रत्येक बाटलीला आकडा. डॉक्टर रेडिओवर सांगणार, अमुक आकड्याचे औषध इतके द्या. तिकडे एक गोष्ट हटकून सांगतात. डॉक्टरने नऊ नंबरचे औषध द्यायला सांगितले, ते संपले होते, म्हणून घरधन्याने पाच आणि चार मिसळून पाजले! खरेखोटे कोण जाणे. बाई मात्र सांगताना पोट धरून हसत होत्या.

दिवसाची महत्त्वाची कामे आटोपली, म्हणजे ठरलेल्या वेळी हाच रेडिओ बायकांना गप्पांसाठी मोकळा असे. शेकडो मैलांवरच्या बायका एकाच वेळी त्यावर येत. कोणाच्या कोंबडीने किती अंडी दिली, कोणाचा मुरंबा बिघडला, कोणाला कितवा महिना आहे, सगळे सगळ्यांना ऐकू जाई. तिकडे गलाह नावाचा गुलाबी-राखी काकाकुवा असतो, तो थव्याने बसून कलकलाट करतो. त्याचेच नाव या गप्पांना पडले. नाव पुरुषांनीच ठेवले असणार, असा माझा तर्क आहे. बाई म्हणाल्या, “माझ्या आईने सहा सहा महिने दुसऱ्या बाईचे तोंड पाहिले नाही. त्या आवाजांवर तिने दिवस काढले.” मला आपली बुधवारची सभा आठवली. आपण सभेला उशिरा येतो, मधेच उठून जातो, आणि पुढच्या बुधवारी आहेच म्हणतो.

या बाई सहा वर्षांच्या होत्या तेव्हा, म्हणजे १९५१ साली, ॲलिस स्प्रिंग्जला ‘आकाशवाणीवरची शाळा’ सुरू झाली. शिक्षिका गावात बसून बोलणार आणि मुले आपापल्या रानात रेडिओपुढे बसून उत्तरे देणार. ही कल्पना ॲडलेड मीथके नावाच्या बाईंची. या दक्षिण ऑस्ट्रेलियातील शिक्षणखात्यात निरीक्षक होत्या. रानातली मुले अनोळखी माणसापुढे बुजतात, हे त्यांच्या ध्यानात आले. डॉक्टरसाठी असलेल्या यंत्रावर शाळा का भरू नये, असे त्यांनी सुचवले. आणि ॲलिस स्प्रिंग्जचा तो डॉक्टरांचा तळ तरी उभा कसा राहिला? १९३६ साली त्या प्रांताला शंभर वर्षे झाली, तेव्हा तेथील स्त्रियांनी एक मंडळ स्थापून निधी जमवला. मीथकेबाईच त्याच्या अध्यक्ष. शताब्दीचे स्मारक म्हणून त्या निधीतून पहिल्या वसाहतकरी स्त्रियांच्या नावाने एक बाग झाली, आणि रानातल्या लोकांसाठी हा तळ झाला. तो १९३९ साली सुरू झाला. आपल्या मंडळाच्या वर्गणीच्या वहीकडे आता मी जरा वेगळ्या नजरेने पाहते, एवढेच सांगते. खजिनदारबाईंनी घाबरू नये.

त्याच दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९४ साली स्त्रियांना मत देण्याचा आणि विधिमंडळासाठी उभे राहण्याचाही हक्क दिला, हे मी तिथे गेल्यावर प्रथम ऐकले. त्या बाईंनी हेही मोठ्या अभिमानाने सांगितले, जणू कायदा त्यांच्या आजीनेच केला होता.

कूबर पेडीविषयी थोडक्यात सांगते, कारण तिथे आम्ही एकच रात्र होतो. १९१५ साली एका चौदा वर्षांच्या मुलाला तिथे ओपल नावाचे रंगीत रत्न सापडले आणि खाणी सुरू झाल्या. उन्हाळ्यात ऊन पंचेचाळीस अंशांच्या वर जाते, म्हणून निम्मी वस्ती टेकडीच्या पोटात घरे कोरून राहते. घरे, देवळे, दुकाने, सगळे जमिनीखाली. आम्ही एक घर पाहिले. बाहेर उन्हाळा असो की हिवाळा, आत सारखाच गारवा. पण खिडकी नाही. लेकीने विचारले, “आई, राहशील का?” मी म्हटले, तुळस कुठे लावू?

पुढे वाटेवर रानटी उंट दिसले. नातीला कोण आनंद! उंट हा तिकडचा प्राणी नव्हे. १८६० साली एका मोहिमेसाठी दोन डझन उंट आणि त्यांचे हाकणारे कराचीहून बोटीने नेले, आणि मग पुढे हजारो गेले. त्या माणसांना तिकडे सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची होते, पंजाबी होते, सिंधी होते. कराची त्या काळी आपल्या मुंबई इलाख्यातच मोडत होती. अठराशे बहात्तर साली ॲडलेड ते डार्विन तारेची ओळ पुरी झाली आणि जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई अशा वाटेने लंडनपर्यंत निरोप जाऊ लागले. त्या ओळीच्या वाटेवर सामान वाहिले ते याच उंटांनी. मोटारी आल्यावर उंट सोडून दिले. ते रानात वाढले आणि आज लाखांच्या घरात आहेत.

याहून मला भावले ते आपल्याकडचे फेरीवाले. गेल्या शतकाच्या आधीपासून पंजाबातून गेलेले शीख आणि मुसलमान फेरीवाले घोड्याच्या बंदिस्त गाडीत कापड, सुया, दोरे, रिबिनी, मसाले भरून रानोमाळ हिंडत. रात्री गाडीतच निजत. कॅम्परव्हॅनची हौस गोऱ्या लोकांना सुचली असे आपण समजतो, पण तसेच बिऱ्हाड एखाद्या पगडीवाल्याच्या गाडीतही असायचे! महिनोन् महिने घराबाहेर न पडलेल्या बायका त्यांची वाट पाहत. आपल्याकडे कासार दारी आला की आळीतल्या बायका कशा जमतात, तेच. १९०१ साली कायदा करून गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येणे बंद केले, आणि ज्यांची वाट पाहिली जात होती त्यांच्याच भावाबंदांना दार लागले. ते पुढे कित्येक दशके लागलेलेच होते. आज माझी लेक त्या देशात मानाने नोकरी करते, तेव्हा हेही सांगायला हवे असे मला वाटते.

वाटेत आडवाटेला जाऊन उलुरू पाहिला. एकच अखंड तांबडा डोंगर, जमिनीपासून तीनशे अठ्ठेचाळीस मीटर उंच. त्याचे रंग फोटोत पाहा, मी सांगत बसत नाही. तेथील मूळ रहिवासी अनांगू लोकांना तो पवित्र आहे. १९८५ साली सरकारने तो त्यांना परत केला. कित्येक वर्षे ते विनवीत होते, की यावर चढू नका. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणे बंद झाले. आपण काळभैरीच्या डोंगरावर भक्तीने चढतो, ते भक्तीने चढत नाहीत. आम्ही पायथ्याशी प्रदक्षिणा घातली. दहा किलोमीटर होती. गुडघे दोन दिवस बोलत होते.

आणि मग ॲलिस स्प्रिंग्ज. गावाला नदी आहे, टॉड तिचे नाव. नदी म्हणजे वाळूचा पट्टा! पाणी वर्षा-दोन वर्षांत कधीतरी. तरी दर वर्षी ऑगस्टात ते लोक तिच्यात नावांची शर्यत लावतात. नावेला तळ नसतो, नाव हातांत धरून वाळूतून पळायचे. १९६२ पासून ही शर्यत चालू आहे, आणि १९९३ साली नदीला पाणी आले म्हणून रद्द करावी लागली. हिरण्यकेशीला आपण पूर आला तरी नावे ठेवतो, आटली तरी नावे ठेवतो!

पण त्या गावाची दुसरी बाजूही आहे. तारेची जुनी कचेरी आज छान जपून ठेवली आहे. तिथेच १९३२ ते १९४२ या काळात मूळ रहिवासी आयांपासून तोडून आणलेली मिश्र रक्ताची मुले ठेवीत असत. सरकारी धोरणाने असे देशभर चालले होते. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली. हिरवळीवर लोक डबे उघडून बसले होते. माझ्याच्याने तिथे खाववले नाही. आम्ही डबा परत गाडीत आणला.

लेकीच्या कामाकडे आता येते. मूळ रहिवाशांत मूत्रपिंडाचे विकार फार. आणि डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा, चार चार तास. आत वाळवंटात किंटोर नावाची वस्ती आहे, ॲलिस स्प्रिंग्जपासून पाचशेहून अधिक किलोमीटर. पूर्वी तिथल्या माणसाला हे दुखणे जडले की घर सोडून शहरात यावे लागे, ते कायमचेच. नातवंडे तिकडे, आपण इकडे, आणि मरण परक्या जागी.

आमच्या घरी हे दुखणे येऊन गेले, ते तुम्हांला ठाऊकच आहे. दोन वर्षे आम्ही पहाटेच्या एस. टी. ने कोल्हापूरला जात होतो. तुमच्यांतल्या किती जणींनी त्या दिवसांत माझ्या घरी डबे पोचवले! परतताना ते डोळे मिटून बसायचे. निपाणी मागे पडली की विचारायचे, “आले का?” घर आले का, एवढेच त्यांना हवे असे. जाताना ६५ किलोमीटर, येताना ६५. रोज रात्री ते आपल्या अंथरुणावर निजत होते. २०१९ साली गेले तेही त्याच अंथरुणावर. लेकीने मूत्रपिंडाचा विभाग मागून घेतला तो त्यानंतर.

किंटोर आणि आसपासच्या वस्त्यांतल्या चित्रकारांनी, बायांनी आणि पुरुषांनी, मोठमोठी चित्रे काढली आणि २००० साली सिडनीला त्यांचा लिलाव केला. दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. सरकारची वाट न पाहता त्यांनी त्यातून स्वतःची संस्था उभी केली आणि २००४ पासून किंटोरमध्येच यंत्रे चालू झाली. ॲलिस स्प्रिंग्जला या संस्थेचे घर आहे, त्याच्या रंगावरून त्याला ‘पर्पल हाऊस’, म्हणजे जांभळे घर म्हणतात. कारभारी मंडळ सगळे मूळ रहिवाशांचे. आज दूरच्या दीड डझनाहून अधिक वस्त्यांत त्यांची यंत्रे आहेत. २०११ पासून एक ट्रकही आहे. बाहेरून चित्रांनी रंगवलेला, आत डायलिसिसच्या दोन खुर्च्या. गावी कोणाचे मर्तिक असेल, धर्मकार्य असेल, किंवा नुसते घरी जाऊन चार दिवस राहावेसे वाटत असेल, तर तो ट्रक रोग्यांच्या मागोमाग त्यांच्या गावी जातो. एकेका वेळेला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध केलेले पाणी लागते, म्हणून ट्रकातच पाणी शुद्ध करण्याची सोय आहे. हे लेकीने मला तोंडपाठ सांगितले.

जांभळ्या घराच्या अंगणात विस्तव पेटवलेला होता. काही म्हाताऱ्या बायका ऊन खात बसल्या होत्या. झाडपाल्याचे मलम करून विकण्याचाही त्यांचा उद्योग आहे. त्यातल्या एकीने लेकीला विचारले, “ही कोण?” लेक म्हणाली, “आई.” तिने मला हाताला धरून शेजारी बसवले आणि माझा मुलूख कोणता ते विचारले. मी सांगितले, नदी आहे, डोंगरावर देव आहे, आणि आमची लाल मिरची फार नावाजलेली आहे. तिने मान डोलावली. मग विचारले, “तू इथे आहेस, तर तिकडे तुझ्या मुलखाची काळजी कोण घेतो?” लेकीने हे मराठीत सांगितले तेव्हा मला उत्तर सुचेना. मी म्हटले, शेजारणी आहेत. हे उत्तर तिला एकदम पसंत पडले.

ती म्हातारी दुसऱ्या दिवशी घरी जायला निघणार होती, दोन आठवड्यांसाठी. तिचे गाठोडे बांधून तयार होते. त्यात काय घेतले आहे ते तिने मला सोडून दाखवले. घोंगडी, नातीसाठी लाल फ्रॉक, चहाचा डबा. पुन्हा बांधताना गाठ मी मारून दिली.

त्या रात्री कॅम्परव्हॅनमध्ये थंडी फार होती. जुलै हा तिकडचा हिवाळा, रात्री पारा शून्यावर येतो. नात माळ्यावर झोपली होती. जावयांनी चहा केला आणि लेकीला विचारले, “शाळा कितवीपर्यंत आहे इथे?” एवढेच. दोघे नवरा-बायको मग उशिरापर्यंत हळू आवाजात बोलत होती. मी तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिले. एवढ्याशा गाडीत दुसरे करायचे तरी काय?

परतीच्या दीड हजार किलोमीटरांत विशेष काही घडले नाही. सगळे मिळून साडेतीन हजारांचा प्रवास झाला, आणि तूरडाळीचा शेवटचा दाणा गाडी परत देताना जावयांच्या बुटात सापडला.

लेक सप्टेंबरात ॲलिस स्प्रिंग्जला गेली. जावई आपले काम घरून संगणकावर करतात. नात तिथल्या शाळेत जाते आणि तळ नसलेल्या नावेच्या शर्यतीत भाग घ्यायचा म्हणते. लेकीची पाळी वर्षातून काही आठवडे आत वस्त्यांमध्ये असते. तेव्हा फोन नियमाने लागत नाही. ॲलिस स्प्रिंग्जचे घड्याळ आपल्यापुढे चार तास आहे. मी पहाटे पाचला चहा ठेवते तेव्हा ती नऊच्या सुमारास दिवसाचा पहिला रोगी यंत्राला लावत असते. तिच्या फोनवर तेवढ्यातल्या तेवढ्यात एखादी ओळ येते. गेल्या सोमवारी आली होती, ‘आई, आज वाऱ्याने सगळीकडे धूळ, पण सगळी घरी आहेत.’

फोटो मागच्या टेबलावर ठेवले आहेत. त्या गाडीचा आतला फोटो मुद्दाम मोठा करून आणला आहे, कारण मोरी किती लहान होती ते सांगून कोणाला पटत नाही. आधण आलेले दिसते.